बारगीर आणि शिलेदार

एखाद्या पुस्तकाला प्रस्तावना लिहून देणे म्हणजे त्या पुस्तकाला जामीन राहणे होय. लेखक वाचकाला अनोळखी असतो, प्रस्तावनाकार त्या मानाने थोडाफार परिचित असतो, आणि पहिली काही पाने वाचण्याचे कष्ट वाचकाने निदान त्या परिचयाखातर घ्यावेत, एवढाच या व्यवहाराचा मतलब. प्रस्तुत पुस्तकाचा विषय माणसाचे नाव, त्याची पत आणि त्या पतीचे संगोपन हाच असल्यामुळे त्यासाठी माझ्याकडे जामीनकी मागितली जावी, याचे मला विशेष वाटले. आणि जामीनकतबा लिहून देण्यापूर्वी मालाची पारख करून घेणे हे जामीनदाराचे कर्तव्य असल्याने मी हे हस्तलिखित एकदा नव्हे, दोनदा वाचले.

पहिल्या वाचनाच्या वेळी माझे मन या विषयाला अनुकूल नव्हते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. ज्या घरांतून आमची पिढी वाढली तेथे आपल्या गुणांविषयी आपणच बोलणे असभ्यपणाचे मानले जाई. मुलाचा पहिला नंबर आला तर ती वार्ता आईने शेजारणीला सांगावी, शेजारणीने चाळभर करावी, परंतु खुद्द मुलाने मात्र पाहुण्यांसमोर खाली मान घालून उभे राहावे, असा संकेत होता, आणि त्या संकेताने स्वभावाला जे वळण लागले ते पुढे कचेरीतल्या बत्तीस वर्षांतही सुटले नाही. नोकरी-व्यवसायात यश हवे असेल तर आपल्या नावाची जाणीवपूर्वक बांधणी करा, ते चार लोकांच्या नजरेस पडेल असे पाहा आणि पडल्यावर त्याची निगा राखा, असे सांगणारे पुस्तक अशा माणसापुढे आले म्हणजे त्याने प्रथम बिचकावे हे स्वाभाविकच. दुसऱ्या वाचनात मात्र माझ्या ध्यानात आले की, ज्याला मी आजवर विनय समजत आलो त्यातला काही भाग विनय नसून जबाबदारीपासून दूर राहण्याची सोय होती. आणि हे ज्या पुस्तकामुळे उमगले त्याला जामीन राहणे हे माझ्याकडे ऋणच होते.

ज्या शब्दाभोवती हा सारा विचार आज जगभर फिरतो तो 'ब्रँड' हा शब्द मुळात जाळण्याच्या क्रियेवरून आलेला आहे. तापलेल्या लोखंडाने गुराच्या अंगावर उमटविलेली मालकाची खूण, असा त्याचा जुना अर्थ. पुढे तो बाजारातल्या मालाला लागला, आणि १९९७ साली टॉम पीटर्स या अमेरिकन व्यवस्थापनतज्ज्ञाने 'फास्ट कंपनी' या मासिकात लिहिलेल्या लेखापासून तो माणसालाही सर्रास लावला जाऊ लागला. ज्याप्रमाणे मोठमोठ्या कंपन्या आपले नाव जपतात त्याप्रमाणे प्रत्येक नोकरदाराने स्वतःला एक पेढी समजून तिचा कारभार स्वतः पाहावा, असा त्या लेखाचा आशय होता. ही कल्पना परकी म्हणून झिडकारणारे आणि नवी म्हणून डोक्यावर घेणारे अशा दोन्ही पक्षांनी एकदा आपल्याच भाषेच्या कोठारात डोकावून पाहावे, अशी माझी विनंती आहे, कारण तेथे ही कल्पना आधीपासूनच ठेवलेली आहे, आणि माझ्या मते अधिक शुद्ध स्वरूपात ठेवलेली आहे.

दिल्लीच्या अलाउद्दीन खिलजीने घोडदळातील घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांचे वर्णन दफ्तरात नोंदवून ठेवण्याची पद्धत अमलात आणली, व पुढे अकबराने तीच पुन्हा जारी केली. तिचे कारण मोठे व्यावहारिक होते. गणतीच्या दिवशी सरदार उसने घोडे आणि भाडोत्री स्वार उभे करीत, पुरे वेतन पदरात पाडून घेत, आणि मोहिमेच्या वेळी तट्टे हाकीत येत. या लबाडीवरचा इलाज म्हणजे तो डाग. गणतीला उभा राहिलेला घोडा आणि रणात धावणारा घोडा एकच आहे, एवढे त्याने सिद्ध व्हायचे. घोडा शोभून दिसावा हा त्याचा हेतू कधीच नव्हता. चेहऱ्याच्या नोंदीवरून मराठीत 'चेहरेपट्टी' हा शब्द राहिला, आणि 'डाग' या शब्दाचे तर मराठीने सोनेच केले: अंगावर उमटविलेली खूण तो डाग, स्त्रीच्या अंगावरचा दागिना तोही सोन्याचा डाग, आणि चारित्र्यावर पडतो तोही डागच. खूण, अलंकार आणि कलंक या तिन्हींना एकच शब्द वापरणाऱ्या भाषेला नावाच्या व्यवहाराविषयी बाहेरून काही शिकावे लागावे, असे मला वाटत नाही.

हुंडीच्या व्यवहारातला 'शहाजोग' हा शब्दही या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. शहाजोग हुंडीचे पैसे वाटेल त्याला मोजावयाचे नसत. बाजारात ज्याची पत आहे, ज्याचा ठावठिकाणा चार पेढ्यांना ठाऊक आहे, अशा 'शहा'लाच ते मोजावयाचे असत, म्हणजे उद्या काही खोट निघाली तर कोणाच्या दारात जावयाचे हे आधीच ठरलेले असे. आज मात्र शहाजोगपणा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर साळसूदपणाचा आव आणणारा माणूस उभा राहतो. पत नसता पतवानाचा वेष घेणारे लोक वाढले, तेव्हा समाजाने त्या शब्दाचीच पत काढून घेतली. स्वतःच्या नावाची जाहिरात करू पाहणाऱ्या प्रत्येक तरुणाने या एका शब्दाची ही कथा लक्षात ठेवावी. त्याला आज जे मोहाचे वाटते त्याची किंमत भाषा कशी वसूल करते, हे तीत दिसेल.

आणि आत्मस्तुतीचे काय? समर्थ रामदासांनी 'दासबोधा'त मूर्खलक्षणांचा समास लिहिताना आत्मस्तुती करणाऱ्याला मूर्खांच्या यादीत बसविले आहे, हे आपण नेहमी सांगतो. परंतु त्याच ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभी लेखनक्रियेवर एक स्वतंत्र समास आहे आणि त्यात अक्षर कसे वळणदार असावे, ओळी कशा सरळ असाव्यात, याचे बारीकसारीक शिक्षण आहे, हे सांगावयाचे राहून जाते. आपल्या मजकुराची थोरवी गाणे निराळे, आणि तो मजकूर दुसऱ्याला सुखाने वाचता यावा म्हणून अक्षर घोटणे निराळे. पहिले स्वतःसाठी असते, दुसरे वाचणाऱ्यासाठी असते. प्रस्तुत पुस्तकाच्या लेखकाने जे शिकविले आहे ते या दुसऱ्या प्रकारचे आहे, याची खात्री झाल्यावरच माझा विरोध मावळला.

हा भेद मला तत्त्वतः मान्य असला तरी अनुभवाने फार उशिरा पटला. कचेरीत मी कनिष्ठ असताना निवृत्त प्राथमिक शिक्षकांच्या निवृत्तिवेतनाची तुंबलेली प्रकरणे माझ्या टेबलावर आली. प्रत्येक प्रकरण कोठे अडते हे पाहण्यासाठी मी दोन महिने सेवापुस्तके चाळली. कोणाच्या जन्मतारखेत खाडाखोड, कोणाच्या बदलीची नोंदच नाही, कोणाच्या पुस्तकाची मधली पाने वाळवीने खाल्लेली. शेवटी चार पानांचे एक टिपण तयार करून वर पाठविले. ते माझ्या वरिष्ठांनी स्वतःच्या सहीने पुढे धाडले आणि काही आठवड्यांनी त्याचे परिपत्रक होऊन आले. मी काही बोललो नाही. घरी सांगितले तेव्हा वडील म्हणाले, "काम झालं ना? मग झालं तर." मलाही ते पटले, इतकेच नव्हे तर आपण गप्प राहिलो याचे एक गोड समाधान मी बरेच दिवस उराशी बाळगले.

परंतु त्या टिपणातल्या एका कलमात माझ्या हातून चूक राहिली होती. खंडित सेवेच्या गणनेविषयीचे ते कलम होते, आणि ज्यांनी मध्ये एक शाळा सोडून दुसरी धरली होती अशा शिक्षकांची प्रकरणे त्यामुळे पुन्हा अडू लागली. तालुक्याच्या कचेऱ्यांतून शंका येत त्या परिपत्रकावर ज्यांची सही होती त्यांच्याकडे जात, आणि त्यांना ते कलम कोणत्या विचाराने लिहिले गेले हेच ठाऊक नसल्यामुळे शंकापत्रे खणात पडून राहत. ती मला दाखवावीत असे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते, कारण त्या मजकुराशी माझा काही संबंध आहे हे कोणाला माहीतच नव्हते. मला हे कळले ते जवळजवळ दोन वर्षांनी, तेही एक वृद्ध शिक्षक काठी टेकीत आमच्या खोलीत आले आणि त्यांनी पिशवीतून त्या परिपत्रकाची घडी पडून विरलेली प्रत काढून माझ्याच टेबलावर पसरली तेव्हा. त्या कलमाखाली त्यांनी लाल पेन्सिलीने रेघ ओढली होती. कामावर आपले नाव असावे ते श्रेयासाठीच, असे मी तोवर समजत होतो; चुकीला आपल्यापर्यंत येण्याची वाट सापडावी म्हणूनही ते असावे लागते, हे मला त्या लाल रेघेने शिकविले. घोड्यावरचा डाग याच कामासाठी होता.

मराठेशाहीच्या फौजेत बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदार आपला घोडा, आपले हत्यार घेऊन चाकरीला येई. शिवछत्रपतींच्या व्यवस्थेत पागेचा मान शिलेदारांहून वरचा होता, हे मी विसरत नाही, आणि शिस्तीच्या दृष्टीने तसेच असणे योग्य होते. परंतु एक गोष्ट उरतेच: पागेतून नाव कमी झाल्या दिवशी बारगीर पायउतार होई. आजचा आपला सुशिक्षित तरुण पुष्कळदा असा बारगीर असतो. तू कोण, असे त्याला विचारले तर तो कंपनीचे नाव सांगतो, हुद्दा सांगतो. आणि एखाद्या सकाळी ती कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली किंवा तो हुद्दाच रद्द झाला म्हणजे इतक्या वर्षांच्या चाकरीनंतर त्याच्यापाशी स्वतःचे म्हणून सांगण्यासारखे काही उरत नाही. पागा सोडा असे हे पुस्तक सांगत नाही. पागेत इमानाने राहूनही आपला एक घोडा आपल्या दाण्यावर पोसता येतो, एवढेच ते सांगते, आणि तो कसा पोसावा याची रीत दाखविते.

ही रीत ज्यांच्या चरित्रात मला सर्वांत स्वच्छ दिसते त्या व्यवस्थापनशास्त्राच्या कोणी पंडिता नव्हेत, चित्रपटसृष्टीतल्या एक अभिनेत्री आहेत. दुर्गा खोटे यांचा जन्म १९०५ सालचा, लाड घराण्यातला. वडील मुंबईतले नामांकित सॉलिसिटर, शिक्षण कॅथीड्रल शाळेत आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात, आणि विवाह खोटे यांच्या धनाढ्य कुटुंबात. पुढे त्या कुटुंबाची सांपत्तिक स्थिती ढासळली, उपजीविकेचा प्रश्न उभा राहिला, आणि १९३१ साली त्यांनी 'फरेबी जाल' या चित्रपटात एक लहानशी भूमिका पत्करली. चित्रपट सामान्य होता. परंतु जाहिरातीत भर दिला गेला तो एका प्रतिष्ठित सॉलिसिटरची कन्या पडद्यावर येत आहे या गोष्टीवर, आणि प्रतिष्ठित घरातील स्त्रीने चित्रपटात काम करणेच जेथे अब्रूला बाध आणणारे समजले जाई त्या काळात लाड व खोटे या दोन्ही घराण्यांवर टीकेचा भडिमार झाला. येथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. त्या बाईंचे नाव प्रथम लोकांपुढे आले ते त्यांच्या कामामुळे नव्हे, तर त्यांच्या वडिलांच्या नावाच्या आधारे, आणि तेही दुसऱ्या कोणाच्या लेखणीतून, दुसऱ्याच्या फायद्यासाठी. डाग उमटला होता, पण लोखंड परक्याच्या हातात होते.

अशा प्रसंगी बहुतेक माणसे दोहोंपैकी एक वाट धरतात: एक तर घरात बसून लोक विसरण्याची प्रतीक्षा करतात, नाही तर खुलाशांमागून खुलासे देत सुटतात. दुर्गाबाईंनी केले ते याहून निराळे होते. प्रभातच्या व्ही. शांताराम यांच्याकडून विचारणा झाली तेव्हा त्यांनी 'अयोध्येचा राजा'तली तारामती स्वीकारली. हरिश्चंद्राच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे होते. १९३२ साली झळकलेला तो चित्रपट मराठीतला पहिला बोलपट म्हणून गणला जातो, आणि राज्य, वैभव, पुत्र सारे गमावूनही ताठ उभ्या राहणाऱ्या राणीच्या त्या रूपाने प्रेक्षकांच्या मनातली आदली प्रतिमा पुसून टाकली. पहिल्या चित्रपटाविषयीच्या शंभर खुलाशांनी जे साधले नसते ते एका उत्तम कामाने साधले. मात्र ते काम लोकांच्या नजरेसमोर, ठसठशीत नावानिशी झाले होते, हेही तितकेच खरे. तीच तारामती त्यांनी निनावी राहून केली असती तर आदला डाग तसाच राहिला असता.

यापुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. त्या काळी चित्रसंस्थांत नटनट्या मासिक पगारावर असत आणि एका संस्थेशी बांधलेल्या असत. त्या पागेतल्या बारगीरच म्हणाना. दुर्गाबाईंनी प्रभातमध्ये काम केले, कलकत्त्यास जाऊन न्यू थिएटर्समध्ये 'राजरानी मीरा' केला, ईस्ट इंडिया फिल्म कंपनीत देवकी बोस यांच्या 'सीता'मध्ये काम केले, पुन्हा प्रभातमध्ये येऊन १९३६ साली 'अमर ज्योती'त समुद्रावर दरारा बसविणारी सौदामिनी उभी केली. तारामतीच्या यशानंतर सोशिक राण्यांच्या भूमिकांवर त्यांना आयुष्य काढता आले असते. परंतु त्यांनी आपल्या नावाला एका साच्यात गोठू दिले नाही. 'साथी'ची निर्मिती करून त्या निर्मातीही झाल्या, १९६० च्या 'मुघल-ए-आझम'मध्ये त्या जोधाबाई होत्या, १९८३ साली त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, आणि दूरदर्शनवर घरोघर पाहिली गेलेली 'वागले की दुनिया' ही मालिका त्यांच्याच नावाच्या संस्थेने निर्माण केलेली. पन्नासांहून अधिक वर्षांच्या या वाटचालीत पतीचे निधन झाले, पुढे दुसरा विवाह झाला, परंतु १९३१ साली ज्या नावाला दूषणे मिळाली होती ते नाव त्यांनी टाकले नाही. त्यांच्या आत्मचरित्राचे शीर्षकच 'मी, दुर्गा खोटे' असे आहे. परक्याने उमटविलेला डाग माणसाने स्वतःच्या हाताने अलंकार कसा करावा, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

नावाच्या सातत्याचा हा मुद्दा आपल्याकडच्या स्त्रियांच्या बाबतीत किती बिकट आहे, याची जाणीव या पुस्तकाच्या लेखकाने ठेवली आहे, याबद्दल मी त्याचे विशेष अभिनंदन करतो. लग्नात तांदळाच्या ताटात सोन्याच्या अंगठीने नवे नाव लिहिण्याची आपली प्रथा हौसेची आहे खरी. परंतु मधले नाव वडिलांचे जाऊन पतीचे येते, आडनाव बदलते, कित्येक घरांत पाळण्यातले नावही बदलते, आणि मग चार शोधनिबंध एका नावावर, सहा दुसऱ्या नावावर, पदवीचे प्रमाणपत्र तिसऱ्याच स्वरूपात, अशी एकाच विदुषीची तीन माणसे होऊन बसतात. प्रत्येक मुलाखतीस जाताना राजपत्रातल्या नावबदलाची प्रत बरोबर नेणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. नाव बदलावे की न बदलावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण तो निर्णय ताटातल्या तांदळांवर न सोडता आपल्या कामाकडे पाहून घ्यावा, आणि एकदा घेतला की सर्व कागदपत्रांत तो एकसारखा ठेवावा, हा लेखकाचा सल्ला प्रत्येक आईबापाने वाचावा असा आहे.

बालगंधर्वांचे उदाहरण मी येथे द्यावे की न द्यावे, याचा बराच विचार केला. नारायण श्रीपाद राजहंस या मुलाला ते नाव लोकमान्यांनी दिले असे सांगतात, आणि त्या नावावर महाराष्ट्राने जे प्रेम केले ते दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आले नसेल. शालू-पैठण्यांच्या झगमगाटात ज्यांना प्रेक्षकांनी डोळे भरून पाहिले होते, त्यांनीच १९१९ साली 'एकच प्याला'तल्या सिंधूसाठी ठिगळांचे लुगडे नेसले, आणि प्रेक्षकांच्या प्रेमात तिळमात्र उणेपणा आला नाही. म्हणजे ते नाव वस्त्रांवर उभे नव्हते. परंतु १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या जमाखर्चाची बाजू मात्र त्या नावाच्या वैभवाबरोबर चालू शकली नाही आणि कर्जाचा डोंगर उभा राहिला. त्यांच्या स्वरांवर मनापासून प्रेम करणाऱ्या माझ्यासारख्याला हे लिहिताना वाईट वाटते, तरीही लिहितो, कारण नाव मोठे झाले म्हणजे कारभार आपोआप सांभाळला जाईल असे समजणाऱ्या गुणी माणसांची संख्या आजही कमी नाही.

याच्या उलट प्रकृतीची माणसे किर्लोस्करवाडीत होती. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवीत असलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांच्या वाट्याची बढती डावलली गेली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली, बेळगावात सायकलींचे दुकान पाहिले, कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केले, आणि १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत माळरानावर कारखाना नेला. लोखंडाच्या फाळाने जमीन नासते असा त्या वेळी शेतकऱ्यांचा समज होता, आणि नांगर पुष्कळ काळ विकल्याविना पडून होते. मालावर आपल्या घराण्याचे नाव घालणे ही तेव्हा शोभेची गोष्ट नव्हती. नांगर मोडला तर शिव्या कोणाला द्यावयाच्या, हे त्या नावाने शेतकऱ्याला सांगून ठेवले होते. पुढे १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. कारखान्याची बातमी देण्यासाठी निघालेल्या त्या पत्रकाचे पाहता पाहता महाराष्ट्राने प्रेमाने वाचलेले मासिक झाले. लोकांना आपली माहिती द्यावयाची तर ती त्यांच्या उपयोगाच्या मजकुरात मिसळून द्यावी, हे आज जो तो शिकवितो. शंकररावांनी ते माळरानावरच्या वाडीत बसून करून दाखविले होते.

पुस्तकातल्या व्यावहारिक भागाविषयी मी फार लिहीत नाही. तो वाचकाने मुळातूनच वाचावा. आपल्या कामाची मासवार टाचणे ठेवावीत, त्यात आकडे आणि तारखा असाव्यात. लिंक्डइनसारख्या ठिकाणी जे लिहावयाचे ते गणतीच्या दिवशी सिद्ध करता येईल एवढेच लिहावे. बैठकीत सहकाऱ्याच्या कामाचा उल्लेख त्याच्या नावानिशी करावा. चूक झाली तर ती दुसऱ्याने दाखविण्याआधी आपण कबूल करावी. जे काम वेळेत होणार नाही ते अंगावर घेऊ नये. यांतले पहिले कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. वर्षअखेरीस मूल्यमापनाचा कागद पुढे आला म्हणजे चांगल्या माणसांनाही आपण बारा महिने काय केले हे आठवत नाही, आणि जे आठवत नाही ते वरिष्ठाला तरी कोठून आठवणार? एका मुद्द्यावर मात्र माझा लेखकाशी मतभेद आहे. रोज काही तरी लिहून लोकांच्या नजरेसमोर राहावे, असे तो म्हणतो. मला वाटते, सांगण्यासारखे घडले त्या दिवशी सांगावे आणि एरवी कामात असावे. हा मतभेद मी त्याला कळविला, त्याने आपले मत बदलले नाही, आणि ते त्याने बदलले नाही याचा मला आनंद आहे.

शेवटी एका माणसाविषयी लिहावयाचे आहे, ज्याच्यामुळे मी हे पुस्तक दुसऱ्यांदा उघडले. माझे पहिले पुस्तक खिळे जुळवून छापले गेले. त्या छापखान्यात खिडकीपाशी एक जुळारी उभे असत. डाव्या हातात स्टिक, उजवा हात न पाहता पेटीतल्या घरांवरून फिरत असे, आणि उलट्या खिळ्यांची ओळ ते आपण सरळ छापलेली ओळ वाचतो तितक्या सहज वाचीत. कच्चे मुद्रित माझ्याकडे येई तेव्हा समासात कोठे कोठे पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह असे. कधी सन चुकलेला असे, कधी एकाच माणसाचे नाव दोन पानांवर दोन तऱ्हेने लिहिले गेलेले असे, एकदा तर माझे संपूर्ण वाक्यच माझ्याच आधीच्या प्रकरणाच्या विरुद्ध जात होते. त्या प्रश्नचिन्हांनी माझी अब्रू किमान अकरा ठिकाणी वाचविली. ती पाने मी अजून जपून ठेवली आहेत. पुस्तकाच्या आरंभी मी पाच विद्वानांचे आभार मानले, छापखान्याच्या मालकांचेही मानले. जुळाऱ्याचे नाव घालावे असे माझ्या मनात आले नाही, आणि आपले नाव असावे असे त्यांच्याही मनात आले नसेल.

पुढे संगणकावर जुळणी सुरू झाली, तो छापखाना बंद पडला, खिळे वजनावर विकले गेले. त्याच सुमारास शहरातले दोन प्रकाशक चांगल्या मुद्रितशोधकाच्या शोधात होते, हे मला ठाऊक होते. त्यांतल्या एकाने मला विचारलेही होते. खिडकीपाशी उभे राहणारे ते गृहस्थ त्या क्षणी मला आठवले नाहीत, कारण माझ्या मनात त्यांची नोंद एक माणूस म्हणून नव्हे, छापखान्याचा भाग म्हणून झालेली होती. काही वर्षांनी ते भेटले तेव्हा एका गोदामात पोती मोजण्याच्या कामावर होते. तक्रारीचा शब्द त्यांनी काढला नाही. माझ्या नव्या पुस्तकाची चौकशी केली, आणि निघताना म्हणाले, "साहेब, त्यात एकशेबाराव्या पानावर वेलांटी राहिलीय बघा." मी घरी येऊन पान उघडले. राहिली होती.

या प्रस्तावनेचे मुद्रित गेल्या आठवड्यात माझ्याकडे तपासण्यासाठी आले. दुसऱ्या पानाच्या समासात, जेथे मी 'दासबोधा'तल्या लेखनक्रियेच्या समासाचे दशक अठरावे असे लिहून गेलो होतो, तेथे पेन्सिलीने एक बारीक प्रश्नचिन्ह होते. ते कोणाचे, असे मी प्रकाशकांना दूरध्वनी करून विचारले. एका मुलीचे नाव त्यांनी सांगितले. तिला कामाला लागून आठ महिने झाले आहेत. ते नाव या पुस्तकाच्या श्रेयपानावर, लेखकाच्या नावाखालच्या दुसऱ्या ओळीत छापावे, अशी मी त्यांना विनंती केली आहे, आणि नावाचे शुद्धलेखन तिच्याकडूनच तपासून घ्यावे असेही सांगितले आहे.